बस म्हणेपर्यंत

टाकं मूळचं जनावरांचं होतं. केळझरच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की निकेश सरांचं शेत लागतं. तिथे विहिरीला लागून त्यांच्या वडिलांनी ते सिमेंटचं टाकं बांधलं होतं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, टाकं कोरडं पडलं. या उन्हाळ्यात त्यात बर्फ पडू लागला.

बर्फ हिरालाल आणायचा. त्याच्या छोटा हत्ती गाडीत ओल्या बारदान्याखाली लाद्या असायच्या. रसवंत्यांना, लस्सीवाल्यांना, लग्नघरांना माल पोचवायच्या वाटेवर तो इथे थांबायचा, लोखंडी आकड्याने लादी ओढून टाक्याच्या काठावर आपटायचा आणि म्हणायचा, "घ्या सर, करा माणसाची कुल्फी."

निकेश सर गावातल्या पोरापोरींकडून धावण्याची तयारी करून घेत. कोणी पोलीस भरतीसाठी यायचं, कोणी शर्यतींसाठी. सर स्वतः एके काळी चांगले धावपटू होते. गुडघ्याने दगा दिला. मोठे धावपटू सरावानंतर बर्फाच्या पाण्यात बसतात, सूज उतरते, दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा ताजे होतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा न धरता ते घराच्या पायऱ्या उतरले, आणि त्यानंतर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ उरला नाही.

त्यांची सगळ्यात आशेची धावपटू रूपाली. वासुदेवरावांची धाकटी मुलगी, पाच हजार मीटर धावणारी. महिनाअखेरीस नागपूरला राज्य शिबिराची निवड चाचणी होती आणि होळीपासून तिची डावी पोटरी दुखत होती. पोटरी सांभाळली गेली तर निवड होईल, असं सर म्हणत. रूपाली दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हती.

तिची मोठी बहीण ज्योत्स्ना वर्ध्याला बी.एस्सी. संपवून घरी आली होती. पहिल्या दिवशी तीही शेतावर गेली, पिशवीत थर्मामीटर घेऊन. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की पाणी नेमकं किती गार होतं आणि त्यात माणसाचं काय होतं.

"ताई, थे पन्ह्यात टाकाचं हाय का?" ऋतिकने विचारलं. तो आठशे मीटर पळायचा आणि त्याहून जास्त बोलायचा.

"तुह्या तोंडात टाकाचं हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "गरम हवा किती निघते थे पाह्यतो."

पारा पाच अंशांवर थांबला. बाहेरचं ऊन सकाळीच चाळिशीला टेकलं होतं.

रूपाली काठावरून आत उतरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं आणि तिचा श्वास आत ओढला गेला तो बाहेरच येईना. ती अर्धवट वाकून, दोन्ही हातांनी काठ धरून उभी राहिली.

"बस," निकेश सर म्हणाले. "उभी राह्यली त जास्त लागते. बस म्हणतो ना, बस."

"बसतो ना सर," ती दातांमधून म्हणाली, आणि मग स्वतःलाच म्हणू लागली, "बस, रूपे. बस. बस."

ती मानेपर्यंत बसली. काठावरच्या पोरांना गंमत वाटली. ऋतिकने टाळी धरली आणि सगळे तिच्याबरोबर म्हणू लागले, "बस! बस! बस!" त्या दिवसापासून ती रीतच झाली. कोणीही टाक्यात उतरलं की बाकीचे भोवती उभे राहून टाळ्यांवर बस-बस करायचे आणि आतला माणूस डोळे मिटून त्याच तालावर तेच म्हणायचा. सरांचं घड्याळ थांबेपर्यंत.

ज्योत्स्ना पाहत होती. रूपालीचा श्वास आधी तुटत होता, मग हळूहळू लयीत आला. दंडावर काटा आला होता, हनुवटी थडथड उडत होती. शरीर एवढ्या उघडपणे काम करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला एकच प्रश्न पडला आणि तो तिने विचारला.

"सर, मधातच थांबाचं असन त काय म्हणाचं?"

"म्हणाचं काय त्यात?" सर म्हणाले. "उठाचं. टाकं कमरेइतकं त हाय."

सगळे हसले. ज्योत्स्नालाही उत्तर बरोबर वाटलं.

पोटरीची सूज खरंच उतरली. आठवडाभरात रूपालीचा पाय मोकळा पडू लागला, वेळ सुधारली आणि घरी तिची भूक वाढली. आनंदाबाई, दोघींची आई, शेजारणीला सांगायची की पोरगी बर्फात बसते अन वाघासारखी जेवते. ज्योत्स्ना वाढायला बसली की रूपाली भात घेत राहायची, आणि पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायची, तळवा खाली करून. "बस ताई."

मग एक दिवस रूपाली थरथरायची थांबली.

ती उतरली, बसली, आणि पाणी तिच्या मानेभोवती स्थिर झालं. हनुवटी उडाली नाही. दात वाजले नाहीत. ती शांतपणे बस-बस म्हणत राहिली.

"पाह्यलं का ताई?" निकेश सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. "थंडीच वाजत नाई पोरीले. शरीर तयार झालं."

त्या दुपारी गावातली लाइट गेलेली असताना ज्योत्स्ना ओसरीवर बसून मोबाइलवर वाचत राहिली. पुन्हा पुन्हा गार पाण्यात बसलेल्या माणसांवरचे प्रयोग होते. त्यात लिहिलं होतं ते साधं होतं. सवयीने थरथर कमी होते, त्रास कमी वाटतो. पण आतलं तापमान तितकंच, कधी जास्तच खाली जातं. थरथर म्हणजे शरीराने आतून पेटवलेली शेगडी. ती पेटली नाही याचा अर्थ गारठा आत आला नाही, असा होत नाही.

तिने ते रूपालीला सांगितलं. रूपाली माठात मनगटापर्यंत हात बुडवून उभी होती. अलीकडे ती येता-जाता असं करायची.

"म्हणजे माह्यं शरीर तक्रार करत नाई, असंच ना?"

"हो."

"मंग तू काऊन करून राह्यली?"

चार दिवसांनी रूपाली सरावाहून घरी आली आणि ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठिपके उमटत गेले. आनंदाबाईने ते आधी पाहिले.

"बाप्पा! कोणाले लागलं वं?"

"कोणाले?" म्हणत रूपालीने मागे वळून पाहिलं. ठिपके तिच्याच टाचेपाशी येऊन थांबत होते.

टाचेत बाभळीचा काटा होता. अख्खा आत, फक्त बूड दिसत होतं. ज्योत्स्नाने सेफ्टी पिनने कातडी उकलून तो काढला. रूपाली पाटावर बसून फुटाणे खात होती.

"दुखत नाई?"

"नाई."

"थोडंसंही नाई?"

"सांगतलं ना. चांगलंच हाय मंग. रस्त्यात काटे कोणाले सुटले?"

ज्योत्स्नाने तिच्या पायाची बोटं दाबून पाहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेणासारखी पांढुरकी होती, आणि बोटाने दाबलेली जागा गुलाबी व्हायला फार वेळ घेत होती. तिने वडिलांना सांगितलं. वासुदेवराव तुरीच्या पोत्यांना शिवण घालत होते. ते म्हणाले, "ट्रायल होऊ दे. मंग बंद. तिले आता काही म्हटलं त ते मनानंच पडन." यातही काही चूक होतं असं म्हणता येत नव्हतं.

म्हणून ती सरांकडे गेली. ते विहिरीच्या कठड्यावर बसून स्पीकर चार्ज करत होते. त्यांनी तिचं ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेत, मान हलवत, प्रश्न विचारत, आणि तिला ते आवडायचं. गावात तिला प्रश्न विचारणारे तेवढे एकच होते.

"पण ताई, मले एक सांगा," ते म्हणाले. "सुरुवातीले जीव जाते असं वाटते. मंग थोड्या वेळानं पाणी गरम काऊन लागते?"

"गरम नसते लागत. अंगाला चिकटून पाण्याचा पातळ थर असतो ना, तो अंगाच्या उष्णतेनं तापते. तो हलला नाई त अंगावर पांघरुणासारखा राह्यते. म्हणूनच पाणी ढवळू नाई. थर तुटला त उष्णता भसाभसा जाते."

सरांनी वळून टाक्याकडे पाहिलं.

"म्हणजे पोट्टे थराच्या आतच बसून राह्यले," ते म्हणाले. "बर्फ सारा वायाच."

"सर, तसं नाई म्हटलं मी—"

"नाई नाई, बरोबर हाय तुमचं. सायन्स हाय थे."

ती घरी येताना तेवढं एक वाक्य बरोबर घेऊन आली. बर्फ सारा वायाच. तिला ते नीटसं आवडलं नाही, पण नेमकं का, हे तिला लगेच सांगता आलं नसतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरावाला सरांनी रूपालीला पूर्ण अंतर धावायला लावलं. ती रिकाम्या पोटी आली होती, कारण खाऊन धावलं की पोटात दुखतं. ती आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत धावली. पोरांनी तिला उचलून घेतलं. ज्योत्स्ना उशिरा पोचली तेव्हा हिरालालची गाडी टाक्याला पाठ लावून उभी होती आणि तो एकामागून एक लाद्या उतरवत होता.

"आज इतक्या?"

"लग्न मोडलं एक सेलूले," हिरालाल म्हणाला. "नवरदेव दुसरीकडेच निघाला. आता एवढ्या बर्फाचं काय करू? सरले म्हटलं, ठेवून घ्या. फुकटात."

टाक्यात पाणी कमी आणि बर्फ जास्त दिसत होता. ज्योत्स्नाने थर्मामीटर सोडलं. पारा एकच्या खाली उतरला आणि तिथेच राहिला.

"सर, हे फार गार हाय."

"उद्या ट्रायल हाय ताई. आज एकदा नीट बसू द्या, पाय ताजे होऊन जातीन."

रूपाली आधीच उतरली होती. तिने काठ धरला नाही. ती सरळ खाली बसली, बर्फाचे तुकडे तिच्या हनुवटीभोवती बाजूला सरले आणि परत जवळ आले. "बस," ती म्हणाली. "बस. बस." टाळ्या सुरू झाल्या.

मग सरांनी ऋतिकला बांबू दिला.

"ढवळ," ते म्हणाले. "गोल-गोल. ताईनंच सांगतलं, थर बसू द्याचा नाई."

"सर!" ज्योत्स्ना ओरडली, पण टाळ्या जोरात होत्या, आणि ऋतिकने पहिला वळसा घातलाही होता. बर्फ खडखडत टाक्याच्या भिंतींना लागून फिरू लागला. पाणी रूपालीच्या गळ्याभोवती वाहू लागलं. तिचे डोळे एकदा मोठे झाले, मग अर्धे मिटले. ज्योत्स्ना सरांच्या बाजूला गेली, त्यांच्या कानाशी बोलू लागली. सर घड्याळाकडे पाहत होते आणि हाताने तिला थांबा, थांबा अशी खूण करत होते. थोडंसंच राह्यलं.

रूपाली थरथरत नव्हती. तिचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा निवांत होता. ओठांचा रंग गेला होता. ती तालावर म्हणतच होती, पण ताल तिच्यापुढे निघून जात होता आणि ती मागून येत होती.

"बश," ती म्हणाली. "बश."

ऋतिक हसून वाकडा झाला. "पाह्य रे पाह्य! बश-बश करून राह्यली! मोहाची दारू मारून आली का वं रूपे?"

पोरं हसली आणि सगळ्यांनी तसंच धरलं. बश! बश! बश!

ज्योत्स्नाने रूपालीच्या तोंडाकडे पाहिलं. जीभ तिला वळत नव्हती. आणि तेवढ्यात पाण्यातून रूपालीचा हात वर आला. बर्फाच्या तुकड्यांवर तो आडवा राहिला, तळवा खाली करून, कशाच्या तरी वर झाकण धरावं तसा.

"बश... ताई."

टाळ्या चालूच होत्या.

"काढा तिले!" ज्योत्स्ना म्हणाली. "सर, ते बस म्हणून राह्यली!"

"बस त म्हणूनच राह्यली ना ताई," सर म्हणाले. "रोजच म्हणते."

"तसं नाई! पुरे म्हणून राह्यली ते! जेवताना म्हणते तसं!"

सरांनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली. "रूपाली," ते म्हणाले. "ऊठ. झालं. ऊठ बेटा."

रूपालीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं. तिने उठायचा प्रयत्न केला तोही दिसला. खांदे किंचित वर झाले, मान ताणली गेली, आणि बाकी शरीर तिथेच राहिलं. टाकं कमरेइतकंच होतं. ती परत खाली गेली, हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत.

टाळ्या कधी थांबल्या ते कोणाला कळलं नाही. सर कपड्यांसकट आत उडी मारून उतरले. ज्योत्स्नाने काठावरून तिच्या काखेत हात घातले. ते अंग जड होतं, आणि पाण्याच्या बाहेर आलं तरी पाण्याइतकंच गार होतं.

काठावर बसवल्यावर रूपाली हसली. "मी ठीक हाय," ती म्हणाली, जाड जिभेने. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हिरालाल म्हणाला, गरम पाणी ओता. कोणी म्हणालं, पाय चोळा.

"काहीच करू नका," ज्योत्स्ना म्हणाली. "आडवी करा. ओले कपडे काढा, कोरडं पांघरा. चालवू नका तिले. हातापायातलं गार रक्त आता छातीत येईन. खरा धोका आता हाय."

"ऊन इतकं हाय ताई," ऋतिक म्हणाला. तो घाबरला होता आणि त्याला काहीतरी करायचं होतं. "दोन पावलं उन्हात फिरली की होऊन जाईन. चाल वं रूपे." आणि ज्योत्स्ना चादर घ्यायला वळली तेवढ्यात त्याने रूपालीला दंडाला धरून उभं केलं. रूपाली उभी राहिली. ती उन्हात चालू लागली, अगदी सरळ, धावायच्या रेषेकडे निघाल्यासारखी, आणि मग गुडघ्यांतून दुमडून खाली पडली.

गाडी एकच होती. हिरालालने ओले बारदाने शिवारात भिरकावले, उरलेली लादी लाथेने खाली ढकलली. ज्योत्स्नाने रूपालीला कोरड्या ताडपत्रीवर, दोन चादरींत गुंडाळून आपल्या अंगाशी घेतलं. सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिला ठाऊक होता. तो इतका लांब आहे हे ठाऊक नव्हतं. गाडीच्या पत्र्यातून चटका लागत होता, वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता, आणि तिच्या कुशीत बर्फ होता. ती दोन बोटं रूपालीच्या गळ्यावर धरून होती. नाडी होती. संथ होती, मध्येच एक ठोका गाळत होती. सर पुढे हिरालालशेजारी बसले होते, कपड्यांतून पाणी गळत.

ज्योत्स्ना एकाच गोष्टीची वाट पाहत होती. पवनार मागे पडल्यावर रूपालीची हनुवटी एकदा उडाली. मग परत. मग सगळं अंग चादरीत असं हादरू लागलं की ताडपत्री वाजायला लागली.

"सर, थरथरून राह्यली!" हिरालाल आरशात पाहून ओरडला. "लवकर करू का अजून?"

"थरथरू दे," ज्योत्स्ना म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

दवाखान्यात रूपालीला दोन रात्री ठेवलं. डॉक्टरांनी हृदयाचे आलेख काढले. पायाच्या दोन बोटांत संवेदना परत येईल की नाही, हे आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले. चाचणी तिच्याशिवाय झाली. निकेश सर रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. टाकं रिकामं केलं, असं त्यांनी वासुदेवरावांना सांगितलं. पोरांना नवा शब्द दिलाय म्हणाले. थांबायचं असेल तर 'काढा' म्हणायचं.

"मंग रिकाम्या टाक्याले शब्द कायले पाह्यजे?" वासुदेवरावांनी विचारलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी रूपाली पाटाऐवजी खुर्चीवर बसून जेवली. ज्योत्स्ना वाढत होती.

"तू बरं म्हटलं त्या दिवशी," ज्योत्स्ना म्हणाली. "मले ऐकू आलं म्हणून बरं झालं."

"काय म्हटलं?"

"बस ताई म्हटलं ना. हात केलता."

रूपालीने आठवून पाहिलं. तिचा चेहरा प्रामाणिक होता. "ताई मी नाई म्हटलं," ती म्हणाली. "मी मलेच म्हणत होती. बस म्हणून. भल्लं चांगलं वाटत होतं, गरम-गरम. अजून बसली असती मी. तुमी काढलं त थंडी वाजली."

आनंदाबाई चुलीपाशी तशीच उभी राहिली.

"पुढल्या महिन्यात अमरावतीले ट्रायल हाय," रूपाली म्हणाली. "पोटरी परत धरली आता. सरनं टाकं कधी भरतो म्हटलं?"

ज्योत्स्नाने भाताचा चमचा पुढे केला. एक चमचा, दुसरा चमचा. रूपाली ताटाकडे पाहत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बस," ती म्हणाली.

ज्योत्स्नाचा हात ताटावर अधांतरी राहिला. ती रूपालीच्या हातांकडे पाहत राहिली, त्यातला एखादा वर येतो का म्हणून.